फोन चोरीला गेला, आता पोलीस ठाण्यात जाऊन म्हणायचं काय?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की फोन चोरीबद्दल कोणाची अडचण असेल तर कळवा, तर इतक्या चिठ्ठ्या आणि व्हॉट्सॲप आले की बाकीचे विषय यावेळी बाजूलाच ठेवले. बाजारात गेला, एसटीत चढताना गेला, यात्रेत गेला, पडवीत चार्जिंगला लावला होता तिथून गेला. अन् फोन गेला म्हणजे नुसतं बोलणं बंद होत नाही ना, ई-पीक पाहणी त्याच्यावर, पीएम किसानचा ओटीपी त्याच्यावर, लाडक्या बहिणीची केवायसी त्याच्यावर, बँकेचा मेसेज त्याच्यावर. म्हणून कोणी 'जाऊ द्या, दुसरा घ्या' म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, लिहिणाऱ्यांची नावं दिली नाहीत.

प्रश्न: आठवडी बाजारात भाजी घेता घेता वरच्या खिशातून फोन गेला, चौदा हजाराचा होता. ठाण्यात गेलो तं तिथचे साहेब म्हणे चोरी कायले लिहिता, हरवला लिहा, लवकर काम होते. म्या तसं लिहून देलं. आता घरचे म्हणतात तुले फसवलं. खरं काय आहे?
— एक शेतकरी, अमरावती जिल्हा

भाऊ, पहिले तर घाबरू नका, सगळं बुडालं असं काही नाही. पण घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे. हरवल्याची नोंद म्हणजे तुम्ही पोलिसांना कळवलं एवढंच, त्यात गुन्हा नंबर पडत नाही, तपास कोणाकडे जात नाही. दाखला मिळतो, त्याच्यावर डुप्लिकेट सिम मिळतं, फोन ब्लॉकपण करता येतो, त्यामुळे 'लवकर काम होते' हे काही अगदी खोटं नाही. पण उद्या तो फोन कोणाजवळ सापडला तर तो सरळ म्हणेल मले रस्त्यावर सापडला. आणि त्याच बाजारात त्याच दिवशी अजून चार जणांचे फोन मारले असतील तर ते चार दाखले वेगवेगळे पडून राहतात, ही टोळी आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. चोरी झाली असेल तर चोरीच लिहायची, यात मला दुसरं मत नाही.

आता करा असं. एका साध्या कागदावर ठाणेदार साहेबांच्या नावानं अर्ज लिहा, की अमुक तारखेला मी हरवल्याची नोंद दिली होती, पण फोन हरवला नसून चोरीला गेला आहे, आणि मग झालेली हकीगत जशीच्या तशी. किती वाजता, कोणत्या दुकानापाशी, कोणत्या खिशात होता, शेवटचा फोन कोणाला लावला होता, कधी लक्षात आलं, जवळ कोण होतं, कोणाचा धक्का लागला का. खाली फोनची कंपनी, मॉडेल, रंग, किंमत, दोन्ही सिमचे नंबर आणि आयएमईआय नंबर. हा आयएमईआय सगळ्यात महत्त्वाचा, बैलाच्या कानातल्या बिल्ल्यासारखा तो प्रत्येक फोनला वेगळा असतो, १५ आकडी, आणि दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि सही घेऊन ती घरी ठेवा. शिक्क्याशिवाय परत येऊ नका, हे मी पुन्हा सांगतो.

कायद्याचं पण थोडं माहीत असू द्या, म्हणजे बोलताना पाय डळमळत नाहीत. १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसी-सीआरपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. साधी चोरी न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये येते, हातातून हिसकावून पळाला तर कलम ३०४, आणि घरातून किंवा एसटीसारख्या प्रवासी गाडीतून चोरला तर कलम ३०५, त्यात ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून फोन एसटीत गेला की बसस्टॉपवर गेला की घरातून गेला हे नीट सांगणं फार गरजेचं आहे, त्यानं कलमच बदलतं. अजून एक गोष्ट, नव्या कायद्यात ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे, म्हणजे नुसती एनसी होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. तुमचा फोन चौदा हजाराचा आहे, तो आकडा बिलासकट लिहा, उगाच 'जुना झाला होता, दोन-तीन हजाराचा असन' असं तोंडातून काढू नका.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, ते शून्य नंबरानं गुन्हा नोंदवून पुढं पाठवतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. आणि इतकं करूनही नाहीच घेतली तर त्याच कलमात पुढचा रस्ता दिलाय, झालेली हकीगत लेखी लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवायची, स्पीड पोस्टची पावती जपून ठेवायची, आणि तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. पण माझा अनुभव असा आहे की बहुतेक वेळा तिथपर्यंत जावंच लागत नाही. लेखी अर्ज, बिल, आयएमईआय आणि शांत आवाज एवढ्यावर ठाण्यातलं बोलणं बदलतं. तिथं बसलेला हवालदारही बंदोबस्त, समन्स, रात्रपाळी सगळं एकटा ओढत असतो, कागद तयार करून नेला तर त्याचंही काम हलकं होतं.

प्रश्न: माझ्याजवळ ना बिल आहे ना डब्बा. दुकानवाला म्हणते जुनं रेकॉर्ड नाही. आयएमईआय कुठून आणू?
— बचत गटाची एक ताई, यवतमाळ जिल्हा

ताई, बऱ्याच जागा आहेत. फोन हप्त्यावर घेतला असेल तर फायनान्सवाल्याच्या कागदावर आयएमईआय नक्की असतो, कारण कर्ज त्या फोनवरच दिलेलं असतं. ऑनलाइन मागवला असेल तर त्या ॲपमध्ये जुन्या ऑर्डरमध्ये जा, बिल तिथून काढता येतं आणि बऱ्याच बिलांवर आयएमईआय छापलेला असतो. फोनमध्ये जीमेल टाकलेलं असेल, आणि प्ले स्टोअरसाठी ते टाकावंच लागते, तर मुलाच्या फोनवरून तेच जीमेल आणि पासवर्ड टाकून गूगलचं फाइंड हब उघडा, आधी त्याला फाइंड माय डिव्हाइस म्हणत, त्यात तुमच्या फोनच्या माहितीत आयएमईआय दिसतो. आणि यातलं काहीच नसेल तरी फिर्याद द्यायला अडू नका, नंबर तरी तुमचा आहे ना, पोलीस कंपनीकडून त्या सिमचं रेकॉर्ड मागवतात त्यात तो नंबर कोणत्या आयएमईआयच्या फोनमध्ये चालत होता ते येतं. हे मागवायचा अधिकार पोलिसांनाच आहे, कंपनीच्या गॅलरीत तुम्ही कितीही हात जोडले तरी ते देणार नाहीत.

आणि ज्यांचा फोन आज हातात आहे त्यांनी हे वाचता वाचताच डायल करायच्या जागी *#०६# दाबा, कॉल लावायची गरज नाही, नंबर आपोआप समोर येतो. तो पासबुकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. फोनमध्येच फोटो काढून ठेवण्यात काही अर्थ नाही, फोनच जातो ना.

प्रश्न: संचार साथीवर फॉर्म भरून रायलो पण ओटीपीच येत नाही. सेतूवाला म्हणते साइट खराब आहे. आणि एक विचारायचं होतं, फोन ब्लॉक केला तर मंग तो सापडनच कसा? बंदच होऊन जाईन ना?
— बी.ए.चा विद्यार्थी, वाशिम जिल्हा

संचार साथी म्हणजे चोरीला गेलेला फोन ब्लॉक करायची सरकारी साइट, ती खराब नसेल. तू डुप्लिकेट सिम काढलं असशील, आणि नवीन सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्याच्यावर एसएमएस बंद ठेवलेले असतात, चोरानं किंवा ठगानं तुझ्या नावानं सिम काढून बँकेचे ओटीपी घेऊ नये म्हणून तो नियम आहे. एक दिवस थांब आणि पुन्हा भर.

आता दुसरा प्रश्न, जो पुष्कळ जणांनी विचारलाय. सीईआयआर ही दूरसंचार विभागाची व्यवस्था आहे, देशातल्या सगळ्या मोबाइल कंपन्यांचे आयएमईआय एका ठिकाणी जोडलेले. आपल्या महाराष्ट्रात तिची सुरुवात २०१९ मध्येच झाली होती, मे २०२३ पासून ती देशभर चालू झाली, संचार साथीच्या साइटवर आहे आणि २०२५ च्या जानेवारीपासून ॲपही आहे. तू तक्रार टाकली की २४ तासांच्या आत तो आयएमईआय काळ्या यादीत जातो आणि भारतात कोणत्याही कंपनीचं सिम टाकलं तरी फोन नेटवर्कवर चालत नाही. पण ब्लॉक झाला म्हणजे दिसेनासा झाला असं नाही. कोणी त्यात सिम टाकलं की तो नेटवर्कशी जोडायचा प्रयत्न करतो, आणि तेवढ्यावरच व्यवस्थेला कळतं की हा आयएमईआय अमुक सिमसोबत वर आला. ती माहिती थेट तू ज्या ठाण्याचं नाव फॉर्ममध्ये टाकलं त्या ठाण्याकडे जाते. म्हणून ब्लॉक करायला भिऊ नको, उलट ब्लॉक केलं नाही तर चोर आरामात विकून टाकतो.

फॉर्म भरताना जिल्हा आणि ठाणं बरोबर निवड, पोलिसातल्या तक्रारीचा नंबर आणि तिची प्रत लागते, बिल असेल तर तेही जोडायचं, ओळखपत्र लागतं, आणि शेवटी एक रिक्वेस्ट आयडी येतो. तो आयडी कागदावर लिही! पुढं स्टेटस पाहायला आणि फोन मिळाल्यावर परत चालू करायला तोच लागतो, आणि लोक नेमकं हेच विसरतात. स्वतःला जमत नसेल तर ठाण्यात सांग, पोलिसांकडे त्यांचं वेगळं लॉगिन असते, ते तिथून भरून देऊ शकतात.

प्रश्न: माझा फोन गूगलवर दुसऱ्या गावात दिसून रायला, इथून पंचवीस किलोमीटर. दोन दिवस एकाच वस्तीत आहे. पोलीस म्हणतात पाहू. आम्ही चार पोट्टे मिळून जाऊन यावं का?
— अकोला जिल्हा

नाही. जाऊ नका, आणि हे मी भित्रेपणानं सांगत नाहीये. नकाशावर जो निळा गोल दिसतो तो घर दाखवत नाही, आसपासचा भाग दाखवतो, शहरात वायफाय आणि टॉवर दाट असतात म्हणून गोल लहान येतो, आपल्याकडे खेड्यात एक टॉवर कितीतरी गावांना पुरवलेला असतो त्यामुळे गोल दहा घरांवरही पसरतो. तुम्ही चार जण अंधारात एखाद्याच्या दारात जाऊन 'फोन काढ' म्हणाल आणि तो माणूस निरपराध निघाला तर गावच्या लोकांनी तुम्हालाच चोर समजून धरलं असं होऊ शकते, आणि घरात घुसल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल तो वेगळा. आणि समजा तोच चोर असला तर तुम्ही गेल्याची चाहूल लागताच तो फोन विहिरीत टाकेल.

त्यापेक्षा लोकेशनचा स्क्रीनशॉट काढा, ज्यात तारीख आणि वेळ दिसते, 'आत्ता' दिसलं की 'तीन तासांपूर्वी' दिसलं ते पण पहा, त्यात फार फरक आहे. दिवसातून दोन-तीनदा काढा, म्हणजे रात्री कुठं असतो ते कळेल, रात्रीची जागा म्हणजे बहुतेक राहायची जागा. हे प्रिंट काढून अर्जासोबत तपासी अंमलदाराला द्या, आणि फोन हलताना दिसला, एसटीनं किंवा बाजाराकडे जाताना दिसला, तर त्यांना लगेच कळवा. ते गाव दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असेल तर दोन्ही ठाण्यांचं आपसात बोलणं व्हावं लागते, त्यासाठी थोडा वेळ जातो. फारच चालढकल झाली तर जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात किंवा स्थानिक गुन्हे शाखेत तोच अर्ज शिक्क्याच्या प्रतीसह द्या.

आणि एक, फाइंड हबमध्ये फोन लॉक करा, स्क्रीनवर आपला दुसरा नंबर लिहून ठेवा, पण सगळा डेटा पुसून टाकायचं बटण घाईनं दाबू नका. पुसल्यावर लोकेशन दिसणं बंद होतं. आतमध्ये बँकेचं किंवा घरच्या बायामुलींचे फोटो असे काही असेल आणि फोनला लॉकच नव्हता तर मात्र लोकेशनची आशा सोडून पुसणंच बरं, तो निर्णय तुम्ही घरात बसून करा. जीमेलमधून तो फोन काढून टाकू नका, ते खातं लागून राहिलं तर रिसेट मारल्यावरही फोन जुनंच जीमेल मागतो आणि चोराला विकायला जड जाते. पुढं कधी 'तुमचा फोन सापडला, इथं पासवर्ड टाका' असा मेसेज किंवा कोणाचा गोड बोलणारा फोन आला तर समजून जा, फोन ज्याच्याजवळ आहे त्यालाच तो लॉक उघडायचा आहे.

प्रश्न: तालुक्याला एक जण पाचशे रुपयात आयएमईआयवरून लोकेशन काढून देतो म्हणते. देऊ का?

देऊ नका. आयएमईआयवरून फोन कुठं आहे हे फक्त मोबाइल कंपनीच्या यंत्रणेला कळतं आणि ते फक्त पोलिसांना कायद्यानं मागता येतं. तसली ॲप तुमच्याच नव्या फोनमधली माहिती उचलतात. पाचशे रुपये वाचवा, डुप्लिकेट सिमला लागतीन.

प्रश्न: आईचा साधा बटनवाला फोन यात्रेत गेला, बाराशेचाच होता, पण त्याच्यातच बँकेचं सिम. सिम तिच्या नावावर नाही, गावातल्या दुकानवाल्यानं कोणाच्या नावानं देलं होतं माहीत नाही. फोन जाऊ द्या, पैशाचं काय?
— एक मुलगी, बुलढाणा जिल्हा

ताई, तुमची चिठ्ठी वाचून मी ही पहिले ठेवणार होतो, कारण घाई खरी इथं आहे. फोन बाराशेचा असला तरी सिम चोराच्या हातात आहे आणि साध्या फोनला लॉक नसतो, त्यामुळे ते सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून बँकेचा ओटीपी घेता येतो.

म्हणून आधी बँक. पासबुकावर शाखेचा आणि कस्टमर केअरचा नंबर असतो, फोन लावून खात्याचं यूपीआय, एटीएम कार्ड आणि मोबाइल बँकिंग बंद करायला सांगा, तक्रार नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन लेखी द्या. मग सिम बंद करायला त्या कंपनीच्या कस्टमर केअरला दुसऱ्या फोनवरून लावा. खात्यातून पैसे निघून गेलेच असतील तर एक मिनिट न घालवता १९३० ला फोन करा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत थांबवायची ती एकच जागा आहे, जितकं लवकर कळेल तितकी आशा जास्त. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम आहे, त्यात चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही, उशीर केला की हळूहळू तुमच्यावर येत जाते. म्हणून लेखी द्या आणि पोच घ्या, मॅनेजर 'होऊन जाईन' म्हणाला म्हणून परत येऊ नका.

आता सिमचं. दुसऱ्याच्या नावाचं सिम असलं की डुप्लिकेट तोच माणूस काढू शकतो ज्याचं नाव आहे, त्याला गॅलरीत आधार घेऊन यावं लागतं. दुकानवाल्याला नाव विचारा, निघालं तर ठीक, नाही तर आईच्या नावानं नवीन सिम घ्या आणि बँकेत व आधार केंद्रात नंबर बदलून घ्या, थोडा त्रास आहे पण पुढं कायमचा सुटतो. आपल्याकडे घरोघरी हेच आहे, बाईचा फोन, सिम नवऱ्याच्या नावाचं किंवा पुतण्याच्या नावाचं, आणि लाडक्या बहिणीचा ओटीपी त्याच्यावर. हे बदलायला हवं. संचार साथीवर आपल्या नावानं किती सिम चालू आहेत ते पण दिसते, कोणीतरी शेजारच्या पोट्ट्याला सांगून एकदा पाहून घ्या, अनोळखी नंबर असला तर तिथंच 'माझा नाही' म्हणून कळवता येतं.

पोलिसात मात्र द्याच, एनसी झाली तरी द्या. त्या सिमवरून कोणी काही वाकडं केलं तर तारीख टाकलेला कागद आईला वाचवेल.

प्रश्न: सीईआयआरवरून एसएमएस आला की फोन ट्रेस झाला, ठाण्यात संपर्क करा. लय खुशी झाली. पण ठाण्यात म्हणतात फोन परराज्यात आहे, माणूस पाठवायले फंड नाही. महिने झाले. आता?
— शिक्षक, चंद्रपूर जिल्हा

सर, हे दुखणं खरं आहे. ट्रेस होणं म्हणजे कोणत्या सिमवर फोन चालू झाला ते कळणं, तो परत आणणं हे माणसांचं काम आहे आणि एका फोनसाठी दोन शिपाई तेलंगणात किंवा मध्य प्रदेशात पाठवणं लहान ठाण्याला परवडत नाही. पण याचा अर्थ काहीच होत नाही असा नाही. बहुतेक वेळा पोलीस त्या नव्या सिमवाल्याला फोन लावतात, हा चोरीचा आहे, जमा कर, नाहीतर गुन्ह्यात येशील असं सांगतात, आणि ज्यानं तो भोळेपणानं विकत घेतला आहे तो घाबरून जवळच्या ठाण्यात जमा करतो किंवा पाठवून देतो. खूप फोन असेच परत येतात. तुम्ही एवढंच विनंती करा की त्या सिमवाल्याशी बोलणं झालं का, त्याच्या जवळच्या ठाण्याला पत्र गेलं का.

आपल्याकडे पोलीस एक काम चांगलं करतात, एका तालुक्याचे, एका जिल्ह्याचे ट्रेस झालेले फोन गोळा करून एकाच फेरीत आणतात आणि मग कार्यक्रम घेऊन वाटतात, २ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन असतो त्या आठवड्यात तर अनेक ठिकाणी. म्हणून तुमचा रिक्वेस्ट आयडी, गुन्हा नंबर आणि ट्रेसचा एसएमएस एका पानावर लिहून सायबर ठाण्याला आणि अधीक्षक कार्यालयाला द्या, म्हणजे पुढच्या फेरीच्या यादीत तुमचं नाव राहील. एकट्यानं जाण्यापेक्षा तुमच्या भागातले ज्यांचे फोन ट्रेस झालेत असे पाच-सहा जण मिळून एक अर्ज द्या, एकाच दिशेला पाच फोन असले की गाडी निघायला कारण मिळतं. आणि तपास कुठपर्यंत आला ते फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवावं असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १९३ मध्ये लिहिलंय, तुमची एफआयआर आहे तर अर्जात ते कलम नम्रपणे लिहा.

प्रश्न: माया पोरानं बाजारात चार हजारात फोन घेतला, बिल नाही. आता दुसऱ्या जिल्ह्यातून पोलीस म्हणून एकाचा फोन आला, फोन चोरीचा आहे, कुरियर कर नाहीतर उचलून नेऊ. पोरगं जेवत नाही दोन दिवसापासून.
— एक वडील, गडचिरोली जिल्हा

काकाजी, पोराला आधी जेवू घाला. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून जो घेतो त्याच्यावर न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा होतो, तुमच्या पोरानं उघड बाजारात पैसे देऊन घेतला, चोरीचा आहे हे त्याला माहीत नव्हतं हीच त्याची बाजू. तरी बिल नसणं आणि किंमत फारच कमी असणं याबद्दल पोलीस विचारतील, त्याचं खरं उत्तर द्या, कोणाकडून घेतला, किती पैसे दिले, सोबत कोण होतं, पैसे फोनपेनं दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट.

पण कोणी फोनवर पोलीस म्हटलं म्हणून लगेच कुरियर करू नका, पैसे तर मुळीच पाठवू नका. ठाण्याचं नाव, गुन्हा नंबर आणि साहेबांचं नाव-हुद्दा विचारा, मग फोन घेऊन तुमच्या जवळच्या ठाण्यात जा आणि सगळं सांगा, ते तिकडच्या ठाण्याशी बोलून खात्री करतील. फोन तिथं जमा करा आणि जमा केल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या, ती पावतीच पोराचं संरक्षण आहे. फोन लपवू नका, फेकू नका, सुटे भाग करून विकू नका. आयएमईआय बदलून देणारे पण फिरतात, त्यांच्या नादी लागलं तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे.

विकणाऱ्याकडून पैसे मागायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो सापडला पाहिजे, आणि हीच मोठी अडचण असते. पुढं जुना फोन घ्यायचा असला तर आधी त्याचा आयएमईआय तपासा, मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून एक जागा सोडून १५ आकडे टाकायचे आणि १४४२२ ला पाठवायचं. उत्तरात ब्लॅकलिस्टेड आलं तर तिथूनच परत फिरा. ठीक आलं तरी विकणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स आणि दोन ओळींचा विक्रीचा कागद घ्याच, कारण मालकानं अजून तक्रारच दिली नसेल तर यादीत नाव येत नाही.

प्रश्न: रेल्वेत झोपेत फोन गेला, गाडी बडनेऱ्याच्या पुढं निघाली होती. गावच्या ठाण्यात द्यायची का?

चालू गाडीतच रेल्वेच्या १३९ या मदत नंबरला फोन लावायचा, टीटीईकडे किंवा आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाकडे फिर्यादीचा फॉर्म असतो, तो तिथंच भरून देता येतो. रेल्वेतली चोरी लोहमार्ग पोलिसांकडे जाते, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर अशा मोठ्या स्टेशनवर त्यांचं ठाणं असते. आता घरी आला असाल तर गावच्या ठाण्यातही घेतील आणि तिकडं पाठवतील, पण तिकीट, डबा-बर्थ नंबर आणि फोन शेवटचा कधी पाहिला तेव्हा कोणतं स्टेशन गेलं होतं हे सोबत न्या.

प्रश्न: फोन सापडला! पण साहेब म्हणतात कोर्टातून सोडवून घ्या. वकील लावावा लागन का?
— दूध संकलन केंद्रावरचा एक भाऊ, भंडारा जिल्हा

अभिनंदन भाऊ. गुन्हा दाखल असला आणि फोन पंचनाम्यात जप्त झाला की तो मुद्देमाल होतो, मग तो कोर्टाच्या आदेशानं सुपूर्तनाम्यावर मिळतो. म्हणजे फोन तुमच्या ताब्यात देतात आणि तुम्ही लिहून देता की कोर्टानं मागितला तर हजर करीन, तोपर्यंत विकणार नाही, मोडणार नाही. अर्ज लहान असतो, एफआयआरची प्रत, बिल, आधार आणि आयएमईआय जुळतो हे दाखवायचं. वकील सक्तीचा नाही, पण तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, उत्पन्न कमी असणाऱ्याला, आणि बायांना तर उत्पन्न न पाहता, तिथून मोफत वकील मिळतो, तिथं आधी विचारा. पोलिसांचा 'हरकत नाही' असा अहवाल लागतो, तो तपासी अंमलदाराला आठवण करून मागा. नुसती हरवल्याची नोंद असेल तर कोर्टाचं काम बहुतेक पडत नाही, ठाण्यातच ओळख पटवून सही घेऊन देतात.

फोन हातात आल्यावर संचार साथीवर जाऊन रिक्वेस्ट आयडी टाकून तो अनब्लॉक करा, नाहीतर सिम टाकून बसाल आणि रेंजच येणार नाही. घरी नेल्यावर सरळ वापरायला घेऊ नका, आधी पूर्ण रिसेट मारा, चोरानं काय टाकून ठेवलं असेल सांगता येत नाही. पण रिसेटच्या आधी तपासी अंमलदाराला विचारा, आरोपीनं त्याच फोनवरून कोणाला कॉल केले ते त्यांना पाहायचं असू शकते.